आयोनियन बँक: नाव एक, बँका दोन

ग्रीसमधली आयोनियन बँक कधी संपली? कुणी १९७०चं दशक सांगतो, कुणी २०००. भांडू नका, दोघंही बरोबर आहेत. फक्त बोलताहेत वेगवेगळ्या बँकांबद्दल.

पहिली पक्की विलायती. १८३९ मध्ये ती स्थापन झाली तेव्हा कॉर्फू, केफालोनिया, झाकिंथॉस ही आयोनियन बेटं ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होती. इंग्रजांच्या नाताळच्या पुडिंगमध्ये पडणाऱ्या बारीक काळ्या मनुका इथून जात. त्या व्यापाराला भांडवल लागे, ते ही बँक पुरवी. १८६४ मध्ये बेटं ग्रीसला मिळाली, पण बँकेचा कारभार लंडनहूनच चालू राहिला. तिच्या स्वतःच्या नोटाही होत्या! नोटा काढायचा हक्क तिच्याकडे थेट १९२० पर्यंत होता. म्हणजे देश ग्रीकांचा, नोटा लंडनच्या कंपनीच्या.

(नावावरून आणखी एक घोटाळा होतो. आपला ‘यवन’ शब्द ज्यावरून आला तो आयोनिया आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचा. ही बेटं ग्रीसच्या पश्चिमेला. ग्रीक भाषेत दोन्हींची स्पेलिंगंही वेगळी. देवनागरीत मात्र फरक दिसत नाही.)

१९५७ मध्ये वाटणी झाली. ग्रीसमधल्या शाखा अथेन्सच्या एम्पोरिकी बँकेने, म्हणजे ग्रीक उद्योगपती स्ट्रॅटिस आंद्रेयादिस यांच्या बँकसमूहाने, विकत घेतल्या. लंडनची कंपनी तेच नाव लावून तिथे काही वर्षं धंदा करत राहिली आणि १९७०च्या दशकात तिने बँकिंगचा गाशा गुंडाळला. पहिल्या उत्तरातली बँक ती ही.

दुसरी अस्सल ग्रीक. विकत घेतलेल्या शाखा लाइकी, म्हणजे ‘लोकांची’, या बँकेत मिसळल्या आणि ‘आयोनियन अँड पॉप्युलर’ असं जोडनाव झालं. ग्रीक माणूस आयोनिकी म्हणतो ती हीच. १९७४ मध्ये ग्रीसमधली लष्करी हुकूमशाही कोसळल्यावर पंतप्रधान करामनलिस यांच्या सरकारने आंद्रेयादिस समूह ताब्यात घेतला, तेव्हा आयोनिकीही आपोआप सरकारी झाली. १९९९ मध्ये ती अल्फा बँकेने घेतली आणि २००० मध्ये नाव पुसलं गेलं.

कॉर्फू शहरातली बँकेची जुनी इमारत अजून उभी आहे. तिथे आता नोटांचं संग्रहालय आहे, तेही अल्फाचंच. आणि आयोनिकीची मालकीण एम्पोरिकी? २०१३ मध्ये तीही अल्फाच्याच घरी गेली. किंमत एक युरो.