पडद्याचा कर्ण आणि डोळ्यांची चाळिशी

मोबाइल किती मोठा आहे हे आपण इंचांत सांगतो. पण ते इंच पडद्याच्या लांबीचेही नसतात आणि रुंदीचेही नसतात, ते कर्णाचे असतात. एका कोपऱ्यापासून तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर मोजण्याची ही रीत दूरचित्रवाणी संचांच्या काळापासून चालत आलेली आहे आणि तिच्यात एक मेख आहे. कर्ण तेवढाच ठेवून आयत अधिकाधिक उंच व अरुंद करत गेले, तर त्याचे क्षेत्रफळ घटत जाते. उंची आणि रुंदी यांचे गुणोत्तर १६:९ असलेला साडेपाच इंची पडदा सुमारे ६८.५ मिलिमीटर रुंद असतो, तर २०:९ गुणोत्तराचा साडेसहा इंची पडदा ६७.८ मिलिमीटर रुंद भरतो. म्हणजे कर्ण पूर्ण एका इंचाने वाढला, तरी रुंदी वाढली तर नाहीच, उलट किंचित कमी झाली. शाळेत शिकलेले पायथागोरसचे प्रमेय आठवत असेल, तर हा हिशेब पाठकोऱ्या कागदावर कोणालाही पडताळून पाहता येईल.

गेल्या दीडेक दशकात मोबाइल एवढे मोठे होऊनही हातातून सुटले कसे नाहीत, याचे निम्मे उत्तर या हिशेबात आहे. आपली मूठ फोनच्या रुंदीभोवती वळते. उंचीशी तिचा फारसा संबंध येत नाही. निर्मात्यांनी हे ओळखले आणि वाढ जवळजवळ सगळी उंचीत ढकलली.

२००७ साली आलेल्या पहिल्या आयफोनचा पडदा साडेतीन इंचांचा होता आणि तो आकार पुढची चार-पाच वर्षे योग्य मानला जात होता. २०१० मध्ये डेल कंपनीने ‘स्ट्रीक’ नावाचा पाच इंची फोन आणला, तेव्हा तो कुतूहलाचा विषय ठरला, खपाचा नव्हे. त्याच वर्षी जुलैमधील एका पत्रकार परिषदेत आयफोन बनवणाऱ्या ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी असे थोराड फोन हाताच्या कवेत येत नाहीत आणि ते कोणी घेणारही नाही, अशा अर्थाचे विधान केले होते. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या प्रदर्शनात सॅमसंगने ५.३ इंची ‘गॅलॅक्सी नोट’ सादर केला. फोन आणि टॅबलेट या शब्दांची मोडतोड करून ‘फॅब्लेट’ असे त्याचे बारसे झाले आणि कानाला पाटी लावून बोलणाऱ्यांची चेष्टाही पुष्कळ झाली. तरी २०१२च्या ऑगस्टपर्यंत त्याने एक कोटीचा आकडा गाठला होता. २०१४ मध्ये ॲपलनेही ४.७ आणि ५.५ इंचांचे फोन बाजारात उतरवले आणि वाद तिथेच संपला. फॅब्लेट हा शब्द आज कोणी वापरत नाही, कारण ज्याला वेगळे नाव द्यावे लागे तो आकार आता नेहमीचाच झाला आहे.

त्या पहिल्या ‘नोट’ची रुंदी ८३ मिलिमीटर होती. २०२४ मधील आयफोन १६ प्रो मॅक्सचा पडदा ६.९ इंची आहे, क्षेत्रफळाने ‘नोट’च्या पडद्यापेक्षा सुमारे चाळीस टक्के मोठा आहे, आणि तरीही त्या फोनची रुंदी ७७.६ मिलिमीटरच आहे. पडद्याभोवतीची रिकामी चौकट जवळजवळ नाहीशी झाली, समोरचे बटण गेले आणि गुणोत्तर उंच झाले. २०१७ मध्ये एलजीच्या जी-६ आणि सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस-८ या फोनांनी १६:९ सोडून १८:९ आणि त्याहून उंच पडदे आणले, त्यानंतर मागे वळून कोणी पाहिले नाही.

हे झाले ‘कसे’ याचे उत्तर. लोकांना मोठा पडदा हवासा का वाटतो, याचे उत्तर माझ्या मते हातात नाही, डोळ्यांत आहे. फोन पूर्वी कानाचे यंत्र होते. आता दिवसातला त्याचा बहुतेक वापर बघण्यासाठी आणि वाचण्यासाठी होतो. कानाला पडद्याच्या आकाराचे काही देणेघेणे नव्हते, डोळ्यांना मात्र आहे.

निरोगी डोळ्याला एक कलामिनिट, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनात दिसणारा बारकावा वेगळा ओळखता येतो. तीस सेंटिमीटर अंतरावर हा कोन सुमारे ०.०९ मिलिमीटर भरतो. एका इंचात साधारण २९० ठिपके बसवले की ते सुटे दिसेनासे होतात, ते यामुळेच. २०१० च्या आयफोन ४ मध्ये इंचाला ३२६ ठिपके होते, म्हणजे तीक्ष्णतेचा प्रश्न तेव्हाच मिटला होता. पण अक्षर तीक्ष्ण असणे वेगळे आणि ते विनासायास वाचता येणे वेगळे. रोमन लिपीवरील वाचन-संशोधनातून असे दिसते की, लहान अक्षराची उंची डोळ्याशी सुमारे ०.२ अंशांपेक्षा कमी कोन करू लागली की वाचनाचा वेग झपाट्याने कोसळतो. तीस सेंटिमीटरवर हे माप जेमतेम एक मिलिमीटर होते. देवनागरीची गरज याहून अधिकच असणार, असे मला वाटते. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार, मध्ये ‘राष्ट्र’सारख्या शब्दातला अक्षरावर अक्षर चढलेला जोड, अशी तीन मजली मांडणी असते. ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘म’ आणि ‘भ’ यांच्यातला भेद तर शिरोरेषेतल्या फटीवर आणि एखाद्या गाठीवर अवलंबून असतो. अक्षर बारीक झाले की आधी ही फट बुजते.

आता यात वय मिसळून पाहा. डोळ्यातील भिंग वयानुसार ताठर होत जाते आणि जवळचे पाहण्यासाठी त्याला जो फुगीरपणा आणावा लागतो, तो आणता येईनासा होतो. दहा वर्षांच्या मुलाला सात-आठ सेंटिमीटरवरचेही स्पष्ट दिसते. पन्नाशीच्या आसपास हे अंतर जवळपास अर्ध्या मीटरपर्यंत जाते. मराठीने या अवस्थेला, ती सुरू होण्याच्या वयाला आणि त्यावरच्या चष्म्याला असे तिन्हींना मिळून ‘चाळिशी’ हे एकच नाव दिले आहे. चाळिशी लागलेला माणूस फोन हळूहळू लांब धरू लागतो. अंतर तीसचे पंचेचाळीस सेंटिमीटर झाले की तेवढ्याच सुलभतेने वाचण्यासाठी अक्षर दीडपट मोठे लागते आणि पडद्यावर तेवढाच मजकूर मावायला हवा असेल, तर क्षेत्रफळ दीडच्या वर्गाएवढे, म्हणजे सव्वादोनपट लागते. साडेतीन इंची आयफोनचा पडदा सुमारे ३६.५ चौरस सेंटिमीटर होता. त्याची सव्वादोनपट होते ८२. पहिल्या गॅलॅक्सी नोटचा पडदा ८१.५ चौरस सेंटिमीटरचा होता. हा निव्वळ योगायोग आहे, पण मोठा बोलका योगायोग आहे.

माझ्या आईचा आधीचा फोन लहान होता. तिने अक्षरांचा आकार सेटिंगमध्ये जाऊन शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला होता. त्यामुळे एका ओळीत दोन, फार तर तीन शब्द मावत आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावरचा एक साधा निरोप वाचायला तिला चार वेळा पडदा सरकवावा लागे. वाचताना डोळा अक्षरामागून अक्षर असा चालत नाही, तो छोट्या उड्या घेत जातो आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी त्याला मागे परतून पुढची ओळ शोधावी लागते. दोन शब्दांची ओळ असली की वाचण्यापेक्षा परतण्याचेच श्रम जास्त होतात. तिला मोठा फोन घेऊन दिला तेव्हा कॅमेरा, वेग, साठवण यांपैकी कशाचेही तिला अप्रूप वाटले नाही. “आता सलग वाचता येतं,” एवढेच ती म्हणाली.

कागदासाठी आखलेले दस्तऐवज ही वेगळीच अडचण आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आता महाभूमीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतो. पण ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद असतो आणि फोनचा पडदा ६८ मिलिमीटर. पूर्ण पान पडद्यावर बसवले की अक्षर एक तृतीयांशाहून लहान होते, म्हणजे बारा पॉइंटचा टाइप चार पॉइंटांच्याही खाली जातो. साडेसहा इंची फोन आडवा धरला, तर मात्र दीडशे मिलिमीटर रुंदी मिळते आणि तोच टाइप साडेआठ पॉइंटांच्या आसपास येतो, जो चष्मा लावून वाचता येतो. पडद्याच्या वाढलेल्या उंचीचा खरा उपयोग असा आडवे धरल्यावर कळतो.

चित्रफितींचेही तसेच आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, डेटाचे दर कोसळले आणि ज्या घरांत संगणक कधीच आला नव्हता, तिथे फोन हाच चित्रपटगृह आणि २०२० च्या टाळेबंदीत फळासुद्धा झाला. एवढ्याशा पडद्यावर सिनेमा कसला बघायचा, असे म्हणणाऱ्यांनी पुढचे गणित पाहावे. दिवाणखान्यातला त्रेचाळीस इंची टीव्ही सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो आणि तीन मीटरवरून पाहिला तर तो डोळ्याशी अठरा अंशांचा कोन करतो. आडव्या धरलेल्या साडेसहा इंची फोनवर, दोन्ही कडांच्या काळ्या पट्ट्या सोडून, चित्र बारा सेंटिमीटर रुंद येते आणि तीस सेंटिमीटरवरून ते तेवीस अंशांचे दिसते. दृष्टिपटलावर पडणारी फोनची प्रतिमा टीव्हीच्या प्रतिमेपेक्षा मोठी असते! एकत्र बसून पाहण्याची मजा अर्थातच या हिशेबात धरलेली नाही.

टंकलेखनाचा मुद्दा फार लांबवण्यासारखा नाही. इंग्रजी कळफलकाच्या पहिल्या ओळीत दहा कळा असतात. पहिल्या आयफोनच्या ४९ मिलिमीटर रुंदीत प्रत्येक कळेला पाच मिलिमीटरही मिळत नसत, आज जवळजवळ सात मिळतात. मराठीत टंकणाऱ्याला तर अधिक अक्षरे त्याच जागेत बसवावी लागतात.

बॅटरीबद्दल मात्र एक गैरसमज आहे. मोठा पडदा जास्त वीज खातो, म्हणून मोठा फोन लवकर उतरतो, असे अनेकांना वाटते. पडद्याची वीज त्याच्या क्षेत्रफळानुसार वाढते हे खरे आहे. पण प्रोसेसर, मोडेम आणि इतर चिपा पडद्याच्या आकाराकडे पाहून जास्त वीज घेत नाहीत, आणि त्यांच्या सर्किट बोर्डाला लागणारी जागाही फोन मोठा झाला म्हणून विशेष वाढत नाही. त्यामुळे मोठ्या खोक्यात उरलेली जवळजवळ सगळी जागा बॅटरीच्या वाट्याला येते. २०११ साली आयफोन ४एस मध्ये १४३२ एमएएचची बॅटरी होती, तर ‘नोट’मध्ये २५०० ची, आज पाच हजार एमएएच हे मध्यम किमतीच्या फोनमध्येही नवलाचे राहिलेले नाही. ‘दिवसभर चालतो’ म्हणून मोठा फोन घेणारे पुष्कळ असतात आणि ते चुकत नाहीत.

या सगळ्याची किंमत अंगठा मोजतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका ते अचूक गाठायला वेळ अधिक लागतो. उंच पडद्याचा वरचा कोपरा अंगठ्यापासून लांब आहे एवढेच नव्हे, तर अंगठ्याच्या सांध्याची फेरीच तिथवर पोहोचत नाही. मग पकड सैल करून फोन तळहातात वर-खाली सरकवावा लागतो, आणि फोन पडतो तो नेमका त्या क्षणी. २०१३ मध्ये स्टीव्हन हूबर या डिझायनरने लोक फोन कसे धरतात याची १३३३ निरीक्षणे नोंदवली होती. त्यांत ४९ टक्के लोकांनी तो एका हाताने धरला होता, ३६ टक्के लोकांनी एका हातात पेलून दुसऱ्या हाताने हाताळला होता आणि उरलेल्या १५ टक्के लोकांनी दोन्ही हातांनी धरला होता. मधली पद्धत आपल्याला अनोळखी नाही: डाव्या हातात पाटी, उजव्या हातात पेन्सिल. मोठ्या फोनने अनेकांना पुन्हा त्या बैठकीवर आणले आहे. गर्दीच्या लोकलमध्ये एक हात वरच्या कडीला अडकलेला असताना मात्र पाटीची पद्धत उपयोगाची नाही. तिथे करंगळी खालून टेकू देते आणि सव्वादोनशे ग्रॅमचा भार तिच्यावर पडतो.

या अडचणीवर फोन लहान करण्याचा उपाय कोणी फारसा केला नाही. पडद्यावरची मांडणी बदलली. ॲपलने २०१४ मध्ये मोठ्या फोनांबरोबरच बटणाला दोनदा हलका स्पर्श करून सगळा पडदा खाली ओढण्याची सोय दिली. सॅमसंगने २०१८च्या नोव्हेंबरमध्ये मांडलेल्या ‘वन यूआय’ रचनेत वरचा भाग बघण्यासाठी आणि खालचा भाग स्पर्शासाठी, अशी सरळ वाटणी केली.

लहान फोनची चाचणी झालीच नाही, असे नाही. ॲपलने २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे ५.४ इंची ‘मिनी’ काढून पाहिला. तो हातात सुरेख बसत असे आणि त्याचे चाहते आजही त्याच्यासाठी हळहळतात. पण २०२२ मध्ये त्याची जागा ६.७ इंची ‘प्लस’ने घेतली. लहान फोन हवा असे म्हणणारे खोटे बोलत नव्हते. हातात घेऊन पाहताना मत हाताचे असते, आणि पुढची तीन वर्षे वापरताना ते डोळ्यांचे असते, एवढाच माझा कयास आहे.

आता वाढ अडली आहे ती खिशापाशी. सदऱ्याच्या छातीवरच्या खिशातून फोन अर्धा बाहेर डोकावतो आणि नळावर वाकले की सुटतो. बायकांच्या कपड्यांना तर बहुधा खिसाच नसतो. घडीचे फोन या अडचणीतून आले आहेत. २०२० च्या गॅलॅक्सी झेड फ्लिपचा ६.७ इंची पडदा मिटला की फोन ८७ मिलिमीटर उंचीचा उरतो, आणि त्यावरची काच एक मिलिमीटरच्या तेहेतिसाव्या भागाएवढी पातळ केल्यामुळेच ती न फुटता वाकते.