वारा अजमावणे व शीड आखडणे

शिडाची होडी किंवा जहाज चालवताना वाऱ्याचा जोर ओळखून शिडाचा ताण, कोन व क्षेत्रफळ कमीजास्त करण्याची क्रिया. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की शिडावरचा भार चौपट होतो.

जोर मोजण्याची ० ते १२ अंकांची श्रेणी ब्रिटिश नौदल अधिकारी फ्रान्सिस बोफर्ट यांच्या नावाने ओळखली जाते. १८०६ च्या सुमारास त्यांनी ती आपल्या रोजनिशीत उतरवली. पुढे एका युद्धनौकेला किती शिडे पेलतात, ही तिची कसोटी ठरली. ब्रिटिश नौदलाने ती १८३८ मध्ये सक्तीची केली. मूळ कल्पना मात्र बोफर्ट यांचीच, असे म्हणता येत नाही. अभियंता जॉन स्मीटन यांच्या १७५९ मधील पवनचक्कीविषयक निबंधात वाऱ्याच्या वेगांचे कोष्टक आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे जलालेखक (समुद्राचे नकाशे तयार करणारे) अलेक्झांडर डॅलरिंपल यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी श्रेणी समुद्रावरच्या वापरासाठी जुळवली. त्यांचा व बोफर्ट यांचा परिचय होता. पवनचक्कीकडून समुद्राकडे आलेली ही परंपरा अधिक विश्वसनीय वाटते. कारण युरोपातील जुन्या चक्क्यांच्या पात्यांवर कापडच ताणलेले असे आणि वारा वाढला की चक्कीवाला ते गुंडाळून घेई. शीड आखडणे, म्हणजे त्याचा काही भाग गुंडाळून क्षेत्रफळ घटवणे, याहून वेगळे नाही. जमिनीवरील दृश्य खुणांची जोड श्रेणीला विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज सिंप्सन यांनी दिली.

या खुणांनुसार धूळ व कागद उडू लागले की ४ (ताशी २०–२८ किमी.), मोठ्या फांद्या हलून छत्री आवरेनाशी झाली की ६ (३९–४९ किमी.). सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी व वनकुसवडे पठारांवर आज पवनचक्क्या उभ्या आहेत. त्याच परिसरातील कोयनेच्या शिवसागर जलाशयावर, बामणोली–तापोळा भागात, प्रवासी यांत्रिक लाँचने ये-जा करतात. शिडाच्या दृष्टीने असे डोंगरांमधले पाणी फसवे असते. वाऱ्याकडच्या काठाजवळ लाटांना वाढायला अंतरच मिळत नाही, म्हणून पाणी शांत दिसते आणि वारा प्रत्यक्षात जोराचा असतो. कड्याआडून तो झोताझोताने उतरतो. अशा ठिकाणी लाटेच्या उंचीपेक्षा पाण्यावर सरकत येणारा बारीक सुरकुत्यांचा काळपट पट्टा पाहावा; झोत त्याच्याबरोबरच पोहोचतो.

झोत आला की प्रथम शिडाचा दोर सैल सोडतात किंवा नाळ (होडीचे पुढचे टोक) वाऱ्याकडे वळवतात. एरवी शिडाची पुढची कड फडफडेपर्यंत दोर सोडून, फडफड थांबेल इतकाच परत ओढणे ही योग्य कोनाची खूण. वारा वाढतच राहिल्यास शीड ताणून सपाट करतात, मग आखडतात. मागून वारा घेऊन चालताना तो हलका भासतो, कारण होडीचा वेग त्यातून वजा होतो. वळण घेताच खरा जोर कळतो.

सातारच्या शाहू महाराजांनी १७१३–१४ च्या सुमारास सरखेलपदावर (आरमारप्रमुखपदावर) कायम केलेल्या कान्होजी आंग्रे यांच्या आरमारात गुराब (मोठे लढाऊ जहाज) व गलबत (त्याहून लहान जहाज) ही प्रमुख जहाजे होती. गलबताच्या मुख्य डोलकाठीवर एकच मोठे त्रिकोणी शीड असे. अशा शिडाचा विस्तार जागच्या जागी घटवणे अवघड. म्हणून ते उतरवून लहान शीड चढवणे सोयीचे पडे. वारा पडला की वल्ही.