मिठावरची बंदी: आली, उठली, परत आली

किनाऱ्यावरच्या माणसाला हमखास वाटतं की समुद्राचं मीठ म्हणजे आयोडीन असणारच. नसतं. समुद्राच्या पाण्यातच ते अगदी थोडं, आणि मिठागरात मीठ तयार होईपर्यंत त्यातलंही फारसं उरत नाही. दुकानातल्या पुड्यात असतं ते वरून घातलेलं.

घालायची वेळ आली ती हिमालयामुळे. तिथल्या मातीतलं आयोडीन पाण्याबरोबर वाहून गेलेलं. ते पिकात नाही, म्हणून ताटातही नाही. मग गळ्यातली थायरॉइड ग्रंथी फुगते आणि गलगंड होतो. गळ्याची गाठ निदान दिसते तरी. गरोदर बाईला आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि ते नुकसान पुढे भरून निघत नाही.

१९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आजच्या हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्याचे तीन भाग केले. एका भागाला पोटॅशियम आयोडाइडचं मीठ दिलं, दुसऱ्याला पोटॅशियम आयोडेटचं, तिसऱ्याला साधं. सहा वर्षांत पहिल्या दोन भागांतला गलगंड साधारण निम्म्यावर आला. साध्या मिठाच्या भागात तो होता तसाच. मग तिथेही आयोडीनचं मीठ गेलं. आपल्या दमट हवेत आयोडेट जास्त टिकतं, म्हणून पुढे तेच रूढ झालं.

१९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पण तो डोंगरी पट्ट्यापुरता. हिमालयापासून दूरच्या जिल्ह्यांतही गलगंड आढळू लागल्यावर सगळ्या देशाचंच मीठ आयोडीनयुक्त करायचं ठरलं, आणि १९८६ पासून ते टप्प्याटप्प्याने अंमलात आलं.

खरा वाद पेटला सक्तीवरून. १९९८ मध्ये खाण्यासाठी साधं मीठ विकायला देशभर बंदी आली. ज्या देशाने १९३० मध्ये मिठासाठी कायदा मोडला, तिथे सरकारने पुन्हा मिठात हात घालावा? छोट्या मीठवाल्यांचं काय? हे प्रश्न काही पोकळ नव्हते. २००० मध्ये केंद्राने बंदी उठवली. मेंदूच्या वाढीचा प्रश्न मात्र होता तिथेच राहिला, आणि मे २००६ पासून बंदी परत लागू झाली.

ही बंदी भेसळ प्रतिबंधक कायद्याखालच्या नियमाने घातलेली होती. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम त्या कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरवला. तोवर अन्नसुरक्षेचा नवा कायदा आला होता आणि त्याच्या नियमांत तीच अट होती: कारखान्यात दर किलोला किमान ३० मिलिग्रॅम आयोडीन, दुकानात किमान १५. जनावरांसाठी, टिकवणीसाठी किंवा कारखान्यांसाठी साधं मीठ आजही विकता येतं, फक्त पुड्यावर तसं छापावं लागतं.