शेवंड: मुंबईचे विमान चुकले की पुण्याचा टेम्पो

गणेश पेठेतल्या मासळी बाजारात किंवा कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात शेवंड, म्हणजे आपल्याकडची लॉबस्टर, रोज दिसत नाही. दिसते तेव्हाही पापलेट-सुरमईच्या शेजारी बर्फावर चार-सहा नग, एवढेच. नीट न्याहाळले तर एकीची मिशी अर्ध्यावर मोडलेली असते, दुसरीचे दोन पाय गळालेले असतात, तिसरी जेमतेम तळहाताएवढी. यात विक्रेत्याचा हलगर्जीपणा नाही. पुण्याला येणारी शेवंड बहुतेक वेळा आधीच कुठेतरी नाकारली गेलेली असते. धडधाकट, वजनदार आणि जिवंत माल किनाऱ्यावरून मुंबई विमानतळाकडे जातो, तिथून हाँगकाँग, सिंगापूर, चीनकडे. उरलेला घाट चढून इकडे येतो. ही विभागणी कशी झाली हे कळायला साठ-सत्तर वर्षे मागे जावे लागते, आणि थोडे पाण्याखालीही.

चित्रांत दिसणारा दोन जाडजूड नांग्यांचा लॉबस्टर आपल्याकडचा नाही. तो उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला. आपल्या शेवंडीला नांग्या नसतातच. तिला असतात अंगाहून लांब काटेरी मिशा, डोळ्यांवर दोन शिंगे आणि टोपावर, म्हणजे डोक्याकडच्या कवचावर, पुढे वळलेले काटे. महाराष्ट्र-गुजरातच्या गढूळ, चिखलट पाण्यात जास्त मिळते ती हिरवट अंगाची, शेपटीच्या प्रत्येक वळ्यावर पांढरी आडवी रेघ असलेली जात, पॅन्युलिरस पॉलिफेगस. दक्षिणेकडे खडकाळ तळ लागला की पॅन्युलिरस होमारस भेटू लागते. तिसरी थेनस ही वाळूतली, चपटी, मिशांच्या जागी फावड्यासारख्या पाकळ्या असलेली. हिची गोष्ट पुढे येईलच, कारण मुंबईसमोरून ती जवळजवळ नाहीशी झाली.

शेवंड दिवसा खडपाच्या, म्हणजे पाण्याखालच्या खडकाच्या, कपारीत बसते आणि अंधार पडला की शिंपले-कालवे शोधत बाहेर पडते. त्यामुळे लहान होडीवाल्याचे सगळे वेळापत्रक उलटे. दिवस मावळायच्या आधी खडपाच्या कडेने तळाला जाळी सोडायची, दोन्ही टोकांना नांगर आणि बोया बांधायचा, आणि पहाट फुटताना ओढायला यायचे. चांदण्या रात्रीपेक्षा अंधाऱ्या पंधरवड्यात ती जास्त फिरते, म्हणून अमावस्येच्या आसपास जाळी भरायची शक्यता अधिक. पण अमावस्येलाच उधाण असते. ओढीचे पाणी जाळे खडपावर घासते, गुंडाळते, कधी कपारीत असे अडकवते की कापून सोडून द्यावे लागते. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीची ओढ कमी असलेल्या, पाण्यात जाळे सुरक्षित राहते. अमावस्येच्या अलीकडे-पलीकडे दोन-तीन रात्री किती धोका पत्करायचा, हा हिशेब तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, मनातल्या मनात करत असतो आणि तो क्वचितच कुणाला समजावून सांगतो.

खरी मेहनत जाळे ओढल्यानंतर सुरू होते. मासा कल्ल्यांत अडकतो. शेवंड मिशा, काटे आणि दहा पायांनी अडकते आणि सुटायला शेपटी झाडत स्वतःला आणखी गुरफटून घेते. तिला ओढून काढायचे नसते. पाय ओढला तर ती तो सांध्यातून आपणहून टाकून देते. जगण्याची ही तिची युक्ती व्यापाऱ्याच्या तराजूत तोट्याची ठरते. त्यामुळे टोप डाव्या हाताने वरून दाबून धरायचा, शेपटीचा फटका बसणार नाही असा अंगठा ठेवायचा आणि जाळ्याचा एकेक डोळा मिशीच्या बुडाकडून टोकाकडे सोडवत न्यायचा. फारच गुंता असेल तर सरळ दोन-चार डोळे कापायचे, कारण जाळे शिवता येते, मिशी जोडता येत नाही. हातमोजे घातले तर बोटांना अंदाज येत नाही, न घातले तर काटे लागतात. मिठाच्या पाण्यात ती बोटे आठवडाभर बरी होत नाहीत.

पहाटेचे ओढणे चुकले, वारा वाढला आणि जाळे दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्यात राहिले, तर हातात बरेचदा पोकळ टोप येतो. अडकलेल्या जनावरावर समुद्रातले किडे आणि खेकडे तुटून पडतात. धारदार दातांच्या केंड माशांचा थवा आला तर माल जातोच, वर जाळ्याला हातभर भगदाडेही पडतात. आणि रात्रीतून तळाशी जाळे ओढणारी एखादी मोठी यांत्रिक नौका, म्हणजे ट्रॉलर, वरून गेला तर बोयाही सापडत नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत लहान मच्छीमार आणि यांत्रिक नौका यांच्यात जो वाद धुमसतो, त्याचे एक साधे कारण असे जाळ्याच्या दोऱ्यात आहे.

होडीत आलेल्या शेवंडीला ओला गोणपाट आणि सावली लागते. तिचे कल्ले ओलसर राहिले तर ती पाण्याबाहेर दिवसभर, थंडाव्यात त्याहूनही जास्त, तग धरते. नवखा माणूस दोन चुका हमखास करतो. एक म्हणजे गोडे पाणी शिंपडणे. समुद्राच्या खारेपणाशी जुळलेल्या तिच्या शरीरात गोडे पाणी शिरले की ती थोड्याच वेळात मरते. दुसरी चूक बर्फावर ठेवणे. बर्फ वितळला की तेही गोडेच पाणी. मेलेल्या शेवंडीचा दर त्याच क्षणी कोसळतो, आणि त्यामागे नुसता व्यापाऱ्याचा नखरा नाही. टोपातल्या पाचकग्रंथीतले रस मेल्यावर शेपटीच्या मांसात झिरपतात आणि मांस पिठूळ होते. सांधे काळे पडू लागतात. अर्ध्या किलोच्या नगात शेपटी भरते दीडशे ग्रॅमच्या आसपास. तीच खराब झाली तर उरते काय?

किनाऱ्यावरचा व्यापारी तिला हवा सोडलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत एक-दोन दिवस उपाशी ठेवतो, म्हणजे प्रवासात ती घाण करत नाही. मग पाणी हळूहळू थंड करून तिला सुस्त करतात, कागदात किंवा लाकडाच्या भुशात गुंडाळून थर्मोकोलच्या पेटीत घालतात आणि गोठवलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या शेजारी ठेवतात. नुकतीच कात टाकलेली, मऊ कवचाची शेवंड इथेच बाजूला पडते, कारण ती प्रवासात जगत नाही. तुटक्या मिशीची, पाय गेलेली, हालचाल मंद झालेलीही बाजूला. पुण्याचा टेम्पो भरायला सुरुवात होते ती या बाजूच्या ढिगातून.

हा ढीग आधी नव्हता, कारण आधी शेवंडीला असा भावच नव्हता. कोळी, गाबीत, दालदी या मच्छीमारांच्या घरांत ती जाळ्यात आली तर खाल्ली जायची किंवा गावच्या बाजारात जायची. १९५० च्या दशकात केरळातून गोठवलेल्या कोळंबीची निर्यात सुरू झाली आणि त्याच शीतगृहांच्या आधाराने शेवंडीच्या शेपट्याही परदेशी जाऊ लागल्या. महाराष्ट्रात १९६० आणि १९७० च्या दशकांत ट्रॉलर वाढले. ते निघाले होते कोळंबीमागे, पण तळ खरवडणाऱ्या जाळ्यात शेवंडही येऊ लागली.

मुंबईसमोरच्या वाळूतली चपटी थेनस अशीच १९७० च्या दशकाच्या शेवटी अचानक धंद्याची वस्तू झाली. १९८२ च्या सुमारास एका वर्षात तीनशेहून जास्त टन माल उतरला. १९९४ मध्ये तो दोन-सव्वादोन टनांवर आला आणि नंतर ही मासेमारी जवळजवळ संपली. बारा वर्षांत एक अख्खी मासेमारी बुडाली ती प्रदूषणाने किंवा वादळाने नव्हे. अंड्यांवरच्या माद्या त्याच जाळ्यांत येत राहिल्या आणि कुणी त्या परत सोडल्या नाहीत. या जातीची मादी अंडीही तुलनेने कमी देते, त्यामुळे घट भरून निघायला वावच राहिला नाही. आमच्या मते किनाऱ्यावरच्या मासेमारीचा इतका स्वच्छ धडा दुसरा नाही, आणि इतका कमी वाचला गेलेलाही.

काटेरी शेवंडीची अडचण वेगळी आहे. तिची मादी लाखांनी अंडी देते, ती पोटाखाली आधी नारिंगी आणि उबत आल्यावर तपकिरी दिसतात. पण अंड्यातून निघणारी पानासारखी चपटी, काचेसारखी अळी खोल समुद्रात कित्येक महिने वाहत राहते, पुन्हापुन्हा कात टाकते आणि त्यातली फारच थोडी किनाऱ्याला परत लागतात. ही अवस्था टाकीत पार पाडणे इतके अवघड की कोळंबीसारखी शेवंडीची बीजकेंद्रे आपल्याकडे उभी राहिली नाहीत. गुजरातेत वेरावळकडे पिंजऱ्यांत शेवंड वाढवली जाते, पण ती समुद्रातून पकडलेल्या पिल्लांचीच. म्हणजे पुन्हा भार त्याच खडपावर.

२००३ मध्ये केंद्राच्या वाणिज्य खात्याने निर्यातीसाठी किमान वजने ठरवली: जिवंत किंवा गोठवलेल्या अख्ख्या पॉलिफेगसला ३०० ग्रॅम, होमारसला २००, ऑर्नेटस या मोठ्या जातीला ५००, थेनसला १५० ग्रॅम. हेतू चांगला. पण नियम लागला निर्यातीला, पकडण्याला नाही. २५० ग्रॅमची पॉलिफेगस विमानात चढू शकत नाही. जाळ्यात येऊन मात्र बसलेली असते. ती जाते मुंबई, गोवा, पुण्याच्या हॉटेलांत. पाण्यातच राहिली असती तर पुढच्या हंगामात वजनाला भरली असती, असे पिल्लू आपण ‘बेबी लॉबस्टर’ म्हणून कौतुकाने मागवतो. किनाऱ्यावर काय आकाराचे उतरवावे याचा विचार महाराष्ट्रात उशिरा झाला. ५४ जातींचे किमान आकार जाहीर व्हायला २०२३ उजाडले.

मधल्या काळात लहान होडीवाल्याभोवतीचे नियम वाढतच गेले. १९८१ चा सागरी मासेमारी कायदा, १९८७ मध्ये मालवणला जाहीर झालेले सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य (त्याला स्थानिकांनी केलेला विरोध अजून शमलेला नाही), २०१६ मध्ये थवेच्या थवे घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर आलेले निर्बंध, २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी. कागदावर यातले बरेचसे त्याच्या बाजूचे. पाण्यावर अंमल किती, हे त्याला त्याच्या जाळ्यावरून कळते. २०२० च्या जानेवारीअखेर चीनची मागणी थांबली तेव्हा मात्र नियमांचा संबंध नव्हता. टाक्यांत भरलेला जिवंत माल घेणाराच उरला नाही, आणि एकाच गिऱ्हाइकावर बेतलेला भाव किती तकलादू असतो ते दिसले.

मग माणसे यात टिकतात कशी? एक कारण अंतर. शेवंडीची खडपे किनाऱ्यापासून जवळ. डिझेल थोडे लागते, आठ-दहा दिवस समुद्रात राहावे लागत नाही, सकाळी नऊला माणूस घरी असतो. दोन-तीन जणांत काम होते. होडीचा, जाळ्याचा आणि माणसांचा वाटा कसा पाडायचा ते गावागणिक बदलते, पण घरचीच होडी नि घरचीच माणसे असली की पैसा घरातच राहतो. दुसरे कारण ज्ञान. कुठल्या कपारीत कोणत्या वाऱ्याला शेवंड बसते हे यंत्रावर दिसत नाही. तळाचा खडक हीच लहान होडीवाल्याची तटबंदी, कारण ट्रॉलरचे जाळे तिथे फाटते. आणि एखाद्या पहाटे जाळे वर येताना डोळ्याला दिसण्याआधी हाताला कळते. मासा ओढतो, शेवंड ठोके देते. तो ठोका मोजत ओढणाऱ्याला त्या रात्रीची झोप परत मिळते. अर्थात व्यापाऱ्याकडून जाळ्यासाठी उचल घेतली असेल तर भाव त्याच्याच मर्जीचा, हे ठोक्यानंतर आठवते.

पुण्याचे पंचांग या हंगामाशी कधीच जुळत नाही. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद. बरेचदा नेमके त्याच दिवसांत आषाढातली गटारी येते आणि मागणी वाढते. त्या आठवड्यात मिळणारी शेवंड गोठवलेली असते किंवा पूर्व किनाऱ्यावरची, कारण तिथली बंदी १४ जूनला संपते. ऑगस्टमध्ये बंदी उठते, पावसाळ्यानंतरचा चांगला माल यायला लागतो, तर इकडे श्रावण. श्रावणात हात आखडणारे घर गणपतीनंतरच पुन्हा बाजारात येते. चोखंदळ गिऱ्हाइकाने ऑक्टोबर-नोव्हेंबर धरावा.

घेताना शेपटी पाहावी. जिवंत शेवंड उचलली की शेपटी आत वळवते; मेलेल्या पण ताज्या नगाची शेपटी ताणून सोडली तर परत वळते, शिळ्याची लोंबत राहते. टोप आणि शेपटीच्या सांध्यात काळपट कडा किंवा अमोनियाचा वास आला तर भाव कितीही पाडला तरी घेऊ नये. घरी आणल्यावर नळाच्या पाण्यात भिजत घालू नये, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावी आणि त्याच दिवशी शिजवावी. हॉटेलच्या काचेच्या टाकीतली निवडायची असेल तर पाण्यावर फेस आहे का ते आधी बघावे. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ विरघळवून समुद्र इथे बनवता येतो, पण पाणी गाळून स्वच्छ ठेवले नाही तर तिच्याच मलमूत्राचा अमोनिया तिला मारतो.

आणि उलटी करून पोट बघावे. नारिंगी किंवा तपकिरी दाण्यांचा घोस दिसला तर ‘गाभोळीची आहे, जास्त चवदार’ असे सांगून ती पुढे केली जाते. ती परत ठेवून दुसरी मागावी. दोन-चार गिऱ्हाइकांनी सलग तसे केले की विक्रेता टेम्पोवाल्याला सांगतो, टेम्पोवाला बंदरावरच्या माणसाला, आणि तो निरोप होडीपर्यंत पोचायला फार दिवस लागत नाहीत.