पुस्तक घरी न देणारं ग्रंथालय

बेळगावात वाचनालय म्हटलं की वर्गणी, पुस्तकांची देवघेव आणि सकाळची वर्तमानपत्रं आठवतात. इथलं सार्वजनिक वाचनालय 1848 चं. संशोधन ग्रंथालयाची रीत वेगळी. तिथलं पुस्तक उंबरठा ओलांडत नाही, अभ्यासकानंच त्याच्यापाशी जायचं. मग परगावच्या अभ्यासकानं महिनाभर राहायचं कशाच्या जोरावर? अभ्यासवृत्त्या, म्हणजे अभ्यासकाला राहण्या-खाण्यासाठी मिळणारं साहाय्य, निघाल्या त्या याच अडचणीतून.

असं एक संशोधन ग्रंथालय अमेरिकेत शिकागोला आहे. तिथले व्यापारी वॉल्टर न्यूबेरी 1868 मध्ये वारले. दोन्ही मुली निपुत्रिक गेल्या, तर निम्मी मालमत्ता ग्रंथालयाला, असं त्यांच्या मृत्युपत्रात होतं. तसंच घडलं आणि 1887 मध्ये न्यूबेरी ग्रंथालय स्थापन झालं. ना सरकारचं, ना विद्यापीठाचं. कपाटांत जे जमलं होतं, त्यावरूनच पुढे अभ्यासाचे विषय ठरले. जुन्या नकाशांचा इतिहास हा एक. अमेरिकेतल्या मूळ जमातींच्या इतिहासासाठी 1972 मध्ये वेगळं केंद्रच निघालं.

आपल्याकडेही ही वाट नवी नाही. इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरं शोधत हिंडले आणि 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. 1917 च्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक (अनेक हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेली) आवृत्ती 1919 ला सुरू होऊन 1966 ला पुरी झाली. इतका धीर फक्त संस्थाच धरू शकते.

बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं. त्यानंतर ग्रंथालयांचे रस्ते फुटले. कर्नाटकच्या (तेव्हाच्या म्हैसूर राज्याच्या) 1965 च्या कायद्यानं उपकरावर, म्हणजे करांवरच्या जादा आकारणीवर, चालणारी शासकीय ग्रंथालयं उभी केली. महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्यानं लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना अनुदान दिलं. सीमाभागातली मराठी वाचनालयं लोकांनीच उभारलेली, पण त्यांना लागू झाला कर्नाटकचा कायदा. दोन्ही कायद्यांचा भर सामान्य वाचकावर होता. ते योग्यच, पण संशोधक त्यात मागे राहिला.

आणि सामग्री तर विलक्षण! खानापूर तालुक्यातल्या हलशीचे कदंब राजांचे ताम्रपट, बेळगाव किल्ल्यातले रट्ट राजांच्या काळातले 1204 चे शिलालेख (ते आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत), घराघरांतले मोडी कागद. इथला इतिहास लिहायला संस्कृत, जुनी कन्नड आणि मोडी, तिन्ही लागतात. आज इथल्या विद्यार्थ्याला कन्नड शिलालेखांसाठी धारवाडची बस धरावी लागते आणि मोडी दप्तरांसाठी पुण्याची रेल्वे.