मोठा किंवा गुंतागुंतीचा मुतखडा: दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपूर्वी वाचून या

चार-पाच मिलिमीटरचा खडा बहुतेक वेळा लघवीवाटे आपोआप पडतो. हे पत्रक त्याच्यासाठी नाही. २ सेंटिमीटरहून मोठे खडे, किंवा हरणाच्या शिंगासारख्या फांद्या फुटून किडनीची पोकळी व्यापणारे खडे, हा वेगळाच मामला. असा खडा कित्येकदा दुखतही नाही. आत जंतुसंसर्ग धुमसत राहतो आणि किडनी हळूहळू निकामी होते. "दुखत नाही, मग राहू दे" हे आम्ही फार ऐकतो. पटत नाही.

औषधाने विरघळतात ते मुख्यतः युरिक अ‍ॅसिडचे खडे. कॅल्शियमचे विरघळत नाहीत, जाहिरात काहीही म्हणो.

मोठ्या खड्यासाठी सहसा पीसीएनएल करतात. ही पद्धत १९७६ पासूनची, स्वीडनमधली. भूल दिल्यावर पाठीच्या बाजूने साधारण १ सेंटिमीटरचं छिद्र पाडून, एक्स-रे किंवा सोनोग्राफीवर बघत थेट किडनीत वाट केली जाते. दुर्बिणीतून खडा फोडायचा आणि त्याच वाटेने तुकडे बाहेर काढायचे. 'मिनी' प्रकारात वाट आणखी अरुंद असते. आरआयआरएस या दुसऱ्या पद्धतीत छिद्रच नसतं. लवचीक दुर्बीण लघवीच्या मार्गाने वर जाते आणि लेझर खड्याचा भुगा करतो. ऐकायला छान, पण खडा मोठा असला तर दोनदा यावं लागू शकतं.

छिद्र लहान म्हणून शस्त्रक्रिया लहान होत नाही. रक्तस्राव होऊ शकतो, कधी रक्त चढवावं लागतं, एखादा तुकडा मागे राहतो. म्हणूनच आधी सीटी स्कॅन आणि युरिन कल्चर. लघवीत जंतू निघाले तर आधी त्यावर उपचार, मग तारीख. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. स्वतःहून बंद करू नका.

नंतर आत बऱ्याचदा डीजे स्टेंट, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंत जाणारी बारीक नळी, काही दिवस ठेवतात. वारंवार लघवीला लागणं, लघवी करताना कमरेत कळ येणं, लघवी गुलाबी दिसणं, हा त्याचाच त्रास. त्रास थांबला म्हणून स्टेंट विसरणारे असतात, आणि महिनोन्महिने राहिलेल्या स्टेंटवरच नवे खडे धरतात. काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.

थंडी वाजून ताप आला, लघवीत रक्ताच्या गाठी दिसल्या किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न बघता निघा.

निघालेल्या खड्याची तपासणी जरूर करून घ्या. पुढचं पथ्य त्यावरच ठरतं. तोवर दूध बंद करू नका, मीठ कमी करा, आणि दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या.