उशिरा परतलेले युद्धकैदी (जर्मनी)

दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत छावण्यांत अडकून पडलेले आणि सर्वांत शेवटी, १९५५-५६ मध्ये, मायदेशी पोहोचलेले जर्मन युद्धकैदी. बहुतेक कैदी १९५० च्या सुरुवातीपर्यंत सुटले होते. मागे राहिलेल्या हजारो जणांना सोव्हिएत न्यायालयांनी युद्धगुन्हेगार ठरवून बहुधा २५ वर्षांची सक्तमजुरी ठोठावली होती. त्यांत खरे गुन्हेगार होते, तसेच घाईघाईने खटला उरकलेले साधे शिपाईही होते.

सप्टेंबर १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर मॉस्कोला गेले. राजनैतिक संबंध जोडण्याच्या बोलीवर त्यांनी सुमारे १०,००० कैद्यांची सुटका पदरात पाडून घेतली. ऑक्टोबरपासून ग्योटिंगेनजवळच्या फ्रीडलांट छावणीत त्यांचे जथे येऊ लागले. छावणीची घंटा वाजे, लोक स्तोत्रे म्हणत. गर्दीत बायका मुलाचा किंवा नवऱ्याचा फोटो चिकटवलेले पुठ्ठे उंच धरून उभ्या असत. त्यावर नाव आणि पलटणीचा टपाल क्रमांक. बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला त्या विचारत, ‘याला कुठे पाहिलंत का?’

परतलेल्यांचा देश मात्र जागेवर राहिला नव्हता. १९४८ मध्ये चलन बदलले, १९४९ मध्ये देशाचे दोन तुकडे झाले. युद्धानंतर पोलंड आणि सोव्हिएत संघाकडे गेलेल्या सायलीशिया किंवा पूर्व प्रशियातल्या माणसाला तर परतायला गावच उरले नव्हते. घरात पाऊल टाकल्यावर खरी परीक्षा सुरू होई. बायको एव्हाना एकटीने संसार रेटायला शिकलेली असे, आणि दहा-अकरा वर्षांचे पोर या अनोळखी माणसाला ‘बाबा’ म्हणायला बिचकत असे. नवऱ्याला मृत घोषित केल्यानंतर पत्नीने पुनर्विवाह केला असेल, तर कायद्याने पहिला विवाह संपुष्टात येई. दीर्घ उपासमारीनंतरचा थकवा, सूज, औदासीन्य, चिडचिड या साऱ्याला डॉक्टर ‘डिस्ट्रोफी’, म्हणजे कुपोषणाने जडलेला शरीराचा आजार, म्हणत. मनाच्या जखमेकडे त्यामुळे दुर्लक्षच झाले. १९५० च्या कायद्याने नोकरी-घरासाठी मदत आणि १९५४ च्या कायद्याने भरपाई मिळाली. तिचा आधार मोठा होता, पण हरवलेला काळ तिने भरून येण्यासारखा नव्हता.

या स्वागतसोहळ्यांत, जर्मनांच्या कैदेत मेलेल्या सुमारे ३० लाख सोव्हिएत युद्धकैद्यांची आठवण फारशी कोणी काढली नाही, आणि ही उणीव गंभीर आहे. परतलेल्यांत साक्सेनहाउझेन या नाझी छळछावणीतले क्रूर रक्षक गुस्टाव झोर्गे आणि विल्हेल्म शूबर्ट हेही होते. बॉन येथील न्यायालयाने १९५९ मध्ये दोघांना जन्मठेप दिली.